‘डॉक्टर इन्फॉर्म्ड’ एवढं लिहून भागत नाही

सिंहगड रोडवरच्या एका खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या स्टाफ नर्सचं पत्र आलंय. नोकरीला दीड वर्ष झालंय, मेडिकल वॉर्ड, महिन्यातून दहा-बारा नाईट. पत्र मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

‘ताई, सप्टेंबरमधली गोष्ट. त्या रात्री चौदा पेशंट आणि आम्ही दोघी. बेड सातला अडतीस वर्षांचे रिक्षावाले दादा, डेंग्यू, तापाचा पाचवा दिवस. संध्याकाळी ताप उतरला म्हणून वहिनी खूश होत्या. सहाला पल्स ८८, बीपी ११८/७८. साडेअकराला पल्स १०४, बीपी ११०/८४. पावणेदोनला पल्स ११२, बीपी १०४/८६. हात गार, दोन उलट्या, पोटात दुखतंय म्हणत होते, सारखे उठून बसत होते. संध्याकाळपासून लघवीला गेले नाहीत, असं वहिनी म्हणाल्या. मी आरएमओंना (रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांना) फोन केला, “सर, बेड सात जरा अस्वस्थ आहे, बघता का?” त्यांनी विचारलं, “प्लेटलेट किती?” म्हटलं, संध्याकाळी ६२ हजार. ते म्हणाले, “मग ठीक आहे. उलटीचं इंजेक्शन दे, सकाळी सीबीसी रिपीट पाठव.” मी इंजेक्शन दिलं, नोट्समध्ये “डॉक्टर इन्फॉर्म्ड” लिहिलं. साडेतीनला पुन्हा फोन करावासा वाटला, पण मागच्या महिन्यात त्यांनी सगळ्यांसमोर झापलं होतं, म्हणून केला नाही. पाच वाजायच्या सुमारास बीपी ७० वर, नाडी लागेना. आयसीयूत शिफ्ट केलं. चार दिवसांनी दादा वाचले. घरी जाताना वहिनींनी पेढा दिला, तो मला गिळवेना. आता आठवतं, त्यांचा श्वासही भरभर चालला होता, पण चार्टवर मी १८ लिहिलंय. एचसीटीही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) नंतर बघितला. सकाळी ४० होता, संध्याकाळी ४८. माझं कुठे चुकलं? डॉक्टरांना कधी बोलवायचं हे कसं ठरवायचं? ते आले नाहीत तर काय करायचं? इन्चार्ज सिस्टर म्हणतात, नर्सनं डॉक्टर होऊ नये. मी ओपीडीत बदली मागू का?’

प्रिय सिस्टर,

पहिल्यांदा हे सांगते: पावणेदोनला तुझ्या मनात जी शंका आली, ती अचूक होती. दादांच्या बिछान्यापाशी उभी राहून तू जे पाहिलंस, ते त्या मजल्यावर दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं. गार हात, उलट्या, पोटदुखी, चुळबूळ, बंद झालेली लघवी. शॉककडे, म्हणजे रक्ताभिसरण कोसळण्याकडे, निघालेल्या माणसाच्या जवळजवळ सगळ्या खुणा तुझ्या पत्राच्या एका परिच्छेदात आहेत. पाहण्यात तू कुठेच कमी पडली नाहीस. पाहिलेलं मोजण्यात आणि मोजलेलं सांगण्यात कमी पडलीस. हे दोन्ही शिकता येतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आता तो १८ चा आकडा. तुझ्या चार्टवर त्या रात्री प्रत्येक वेळी श्वास १८ आहे, आणि मला खात्री आहे की उरलेल्या तेरा पेशंटांचाही १८ किंवा २० च असेल. मी चाळीस वर्षांपूर्वी ट्रेनिंगला होते तेव्हाही तेच होतं. नाडी आणि ऑक्सिजन मशीन सांगतं, बीपी मशीन सांगतं, ताप थर्मामीटर सांगतो. श्वास तेवढा आपल्याला स्वतः मोजावा लागतो, त्याला मिनिट जातं, आणि चौदा पेशंटांची चौदा मिनिटं नाईटला कुणाकडे नसतात. म्हणून १८ लिहून आपण पुढे जातो. पण माणूस बिघडायला लागला की बहुतेक वेळा सगळ्यात आधी श्वास बदलतो. रक्तात आम्ल वाढलं, पेशींना प्राणवायू कमी पडला, ताप चढला, फुप्फुसात पाणी साठलं, काहीही झालं तरी शरीर पहिल्यांदा श्वासाचा वेग वाढवतं. तोच आकडा आपण मनाने लिहितो.

याची किंमत किती ते दाखवते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) नावाची गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. आपल्याकडच्याही काही रुग्णालयांत आता असा अर्ली वॉर्निंग स्कोअरचा चार्ट असतो. श्वास, एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण), ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि तापमान, यातल्या प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने येऊन बघायचं, ७ झाली की तो आणीबाणीचा पेशंट. एकट्या एका खान्यात ३ आले तरी डॉक्टरांना कळवायचं. पावणेदोनला दादांची नाडी ११२, म्हणजे २ गुण. बीपी १०४, म्हणजे १. बाकी सगळं शून्य धरलं आणि श्वास १८ धरला, तर बेरीज ३. तीन म्हणजे लक्ष ठेवा, चार-सहा तासांनी पुन्हा बघा. श्वास २१ ते २४ मध्ये असेल तर त्याचे २ गुण, बेरीज ५. मनाने लिहिलेल्या त्या एका आकड्याने दादांना ‘आत्ता बघा’ वरून ‘नंतर बघू’ वर नेलं असणार.

श्वास मोजायची रीत मला माझ्या पहिल्या वॉर्डातल्या सिस्टरनी शिकवली होती. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरून काढायची नाहीत, नजर तेवढी छातीकडे वळवायची. आपला श्वास मोजला जातोय हे पेशंटला कळलं की तो बदलतो. घाई असेल तर तीस सेकंद मोजून दुप्पट कर, पण मोज. आणि चौदाही जणांचा दर वेळी मोजणं खरोखर जमत नसेल, तर ज्यांच्याबद्दल मनात थोडी जरी धास्ती आहे त्यांचा तरी न चुकता मोज. मोजला नसेल तिथे जागा रिकामी सोड. खोटा १८ हा रिकाम्या जागेपेक्षा घातक असतो, कारण पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

आता डेंग्यूबद्दल, कारण पुण्यात जुलै ते नोव्हेंबर मेडिकल वॉर्डात हाच पेशंट असतो आणि सगळे एकाच आकड्याकडे डोळे लावून असतात. नातेवाईक व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट मागवून प्लेटलेट बघतात, किवी आणि पपईच्या पानांचा रस आणतात, रक्तपेढ्यांना फोन लावतात. तुझ्या आरएमओंनीही पहिला प्रश्न तोच विचारला. त्यांना मी वाईट ठरवत नाही. पहाटे दोनला झोपेतून उठलेल्या माणसाचं मन एका ओळखीच्या आकड्याला धरून बसतं, आणि ६२ हजार ऐकून निश्चिंत होतं. पण डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा शॉकने, आणि शॉक येतो रक्तवाहिन्यांमधून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, पाझरल्याने. हा पाझर सुरू होतो नेमका ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, आणि धोका २४ ते ४८ तास टिकतो. म्हणजे घरचे ज्या संध्याकाळी सुटकेचा श्वास टाकतात, त्याच संध्याकाळी आपण जागं व्हायचं असतं. पाचवा दिवस, ताप उतरलेला, आणि पेशंटला बरं वाटायच्या ऐवजी उलट्या, पोटदुखी आणि अस्वस्थपणा: जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये डेंग्यूच्या धोक्याच्या ज्या खुणा सांगितल्या, त्यात सततच्या उलट्या, पोटदुखी आणि मलूलपणा किंवा चुळबूळ या तिन्ही आहेत.

आणि तो एचसीटी. प्लेटलेटच्याच कागदावर, काही ओळी वर छापलेला असतो. प्लाझ्मा बाहेर गेला की रक्त घट्ट होतं आणि एचसीटी चढतो. ४० वरून ४८ म्हणजे बरोबर २० टक्के वाढ. पाझर होतोय हे ओळखायला एवढी वाढ पुरते. सलाईन चालू असताना ती दिसली तर आणखीच गंभीर. डेंग्यूच्या पेशंटचा रिपोर्ट हातात आला की प्लेटलेटच्या आधी एचसीटी वाच आणि सकाळच्या एचसीटीशी ताडून बघ. एवढी सवय लागली तरी तुझं पत्र वाया गेलं नाही असं मी म्हणेन.

बीपीचंही तेच. तुझे तीन बीपी एकाखाली एक मांड. ११८/७८, ११०/८४, १०४/८६. वरचा आकडा हळूहळू खाली येतोय, आणि १०४ बघून कुणी घाबरत नाही. पण खालचा आकडा वर चढतोय. दोघांतलं अंतर ४०, मग २६, मग १८. हे पल्स प्रेशर २० च्या आत आलं की डेंग्यूत तो शॉकच समजायचा, वरचं बीपी शंभराच्या वर असलं तरी. तरुण माणसाचं शरीर बाहेरच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं. म्हणून हात गार पडतात, नख दाबून सोडलं की गुलाबी व्हायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागतात, लघवी थांबते आणि खालचं बीपी चढतं. ते सगळं आवळून धरणं संपलं की वरचं बीपी एकदम कोसळतं. दादांचं पाचला कोसळलं. रक्तस्रावातही असंच होतं. मोठ्या माणसाचं साधारण ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचं बीपी बऱ्यापैकी टिकून राहू शकतं. म्हणून बीपी पडायची वाट बघणं म्हणजे उशीर करणं. शिवाय गार बोटाला लावलेलं पल्स ऑक्सिमीटर चुकीचं दाखवू शकतं, तेव्हा ‘९७ आहे’ यावरही विसंबू नको.

माझी स्वतःची एक चूक सांगते. तेव्हा मी तुझ्यापेक्षाही नवी होते. गर्भाशय काढलेल्या बाई होत्या, ऑपरेशन दुपारी झालेलं. संध्याकाळी मी नाडी लिहिली ९६, तासाने १०८, आणखी तासाने ११८. बीपी चांगलं, टाक्यांवरचं ड्रेसिंग कोरडं. बाई म्हणाल्या, “सिस्टर, घाबरल्यासारखं होतंय.” मी म्हटलं, “ऑपरेशन झालंय ना, होतं असं.” आमच्या इन्चार्ज राउंडला आल्या, त्यांनी चार्टवर त्या तीन आकड्यांखाली बोट फिरवलं आणि मला काही न बोलता थेट सर्जनना फोन लावला. पोटात रक्त साठत होतं. रात्री नऊला बाईंना पुन्हा थिएटरात घेतलं, त्या वाचल्या. तिन्ही आकडे माझ्याच हस्ताक्षरात होते. मी ते लिहिले होते, वाचले नव्हते. तेव्हापासून मी एकटा आकडा कधी बघत नाही, त्याच्या आधीचे दोन बघते. तुझ्या वॉर्डात आलेखाचा चार्ट असेल तर ठिपके जोड. नुसतेच आकडे लिहायचे असतील तर नवा आकडा लिहिताना मागच्या दोघांवर नजर टाकायची, एवढंच.

पण आकड्यांनीच सगळं कळतं असंही समजू नको. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्सने १९८४ मध्ये मांडलं होतं की नवशिकी नर्स नियमांवर चालते आणि अनुभवी नर्सला एकूण चित्र आधी दिसतं, कारणं ती मागाहून सांगू शकते. ‘काहीतरी बरोबर नाही’ असं मनाला वाटणं हाही पुरावाच असतो. १९९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात, बिघडत्या पेशंटपाशी वॉर्डात धावून येणारं पथक पहिल्यांदा उभं राहिलं. अशा पथकांना बोलवायच्या निकषांत नाडी-श्वासाच्या जोडीला ‘कर्मचाऱ्याला काळजी वाटते’ हाही एक निकष अनेक ठिकाणी असतो. तू दीड वर्षाची आहेस, तुझी आतली जाणीव कधी चुकेलही. चुकली तर डॉक्टर येऊन बघून जातील, त्यात पेशंटचं काही बिघडत नाही.

आणि स्कोअरला मर्यादा आहेत हेही लक्षात ठेव. न्यूज सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना लावायचा नाही. मेटोप्रोलॉल, अटेनॉलॉल अशी नाडी मंदावणारी औषधं घेणाऱ्या आजोबांची नाडी शॉकमध्येही ८० च राहू शकते. म्हाताऱ्या माणसाला मोठा जंतुसंसर्ग होऊनही ताप येत नाही, ते नुसते असंबद्ध बोलायला लागतात. असं नव्याने आलेलं गोंधळलेपण एकट्यानेच ३ गुणांचं आहे. ते ओळखायला मशीन नाही, घरचं माणूस आहे. वहिनींना किंवा सुनेला विचारायचं, “हे नेहमी असेच बोलतात का?” इंग्लंडमध्ये मार्था मिल्स नावाची तेरा वर्षांची मुलगी २०२१ मध्ये सेप्सिसने गेली. तिच्या आईवडिलांनी काळजी बोलून दाखवली होती, पण ती कुणी मनावर घेतली नाही. त्यातून तिथे २०२४ पासून मार्थाज रूल लागू होऊ लागला आणि नातेवाइकांना स्वतःहून दुसऱ्या टीमकडून तपासणी मागता येऊ लागली. आपल्याकडे तशी सोय नसली तरी ‘संध्याकाळपासून लघवीला गेले नाहीत’ हे वहिनींचं वाक्य तू पुढे पोचवू शकली असतीस. ते फोनवर आलंच नाही.

आता त्या फोनकडे येते. “जरा अस्वस्थ आहे, बघता का?” हे आपण बायका घरातही असंच बोलतो, समोरच्याला त्रास नको म्हणून आवाज बारीक करून. नर्सिंग कॉलेजातही आपल्याला नम्रच बोलायला शिकवतात. पण झोपेतल्या माणसाला या वाक्यातून काहीच दिसत नाही. त्याला चित्र उभं करून द्यावं लागतं. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवर निरोप देण्याची जी ठरीव पद्धत होती, तीच पुढे रुग्णालयांत एसबीएआर या नावाने आली. काय झालंय, मागचं थोडक्यात, मला काय दिसतंय, मला काय हवंय. आपल्या बोलीत ते असं होईल:

“सर, तिसऱ्या मजल्यावरून सिस्टर बोलतेय. बेड सात शॉकमध्ये चाललाय असं मला वाटतंय. डेंग्यू, पाचवा दिवस, ताप संध्याकाळी उतरला. सहाला पल्स ८८, बीपी ११८/७८ होतं, आता पल्स ११२, बीपी १०४/८६, पल्स प्रेशर १८. श्वास मोजलाय, २४ आहे. हात गार, दोन उलट्या, पोटात दुखतंय, सहापासून लघवी नाही. एचसीटी सकाळी ४०, संध्याकाळी ४८. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवंय. तोवर सलाईनचं काय करू, आणि सीबीसी आत्ताच पाठवू का?”

घड्याळ लावून वाचून बघ, अर्धं मिनिट लागतं. फोन लावण्याआधी हातावर किंवा कागदाच्या कपट्यावर आकडे लिहून घे, म्हणजे मध्येच त्यांनी प्लेटलेट विचारली तरी तुझा धागा सुटणार नाही. प्लेटलेट सांगायची, आणि लगेच म्हणायचं, “पण सर, मला काळजी पल्स प्रेशरची वाटतेय.” ‘मला शॉक वाटतोय’ असं म्हणायला घाबरू नको. ते रोगाचं निदान नव्हे, पेशंटची अवस्था सांगणं आहे. तोंडी ऑर्डर मिळाली तर ती परत म्हणून दाखव, वेळ घालून लिही, सकाळी सही घे. सलाईन स्वतःच्या मनाने वाढवू नको. डेंग्यूत पाणी कमी पडणं वाईट तसं जास्त होणंही वाईट, फुप्फुसात भरतं. पण डॉक्टर येईपर्यंत तुझ्या हातात बरंच असतं. दर पंधरा मिनिटांनी व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास) घ्यायचे, कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घातलेली नळी) चालते का बघायची, जमलं तर दुसरी लाईन टाकायची तयारी ठेवायची, लघवी मोजायची, दादांना उठून चालू द्यायचं नाही, ड्यूटीवरच्या जोडीदारणीला सांगून ठेवायचं, क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या औषधा-साधनांची गाडी) जवळ आणायची.

आणि ते आले नाहीत तर? फोन ठेवण्याआधी विचारायचं, “सर, किती वेळात येताय?” पंधरा मिनिटं म्हणाले तर घड्याळ बघायचं. सोळाव्या मिनिटाला पुन्हा फोन. दुसऱ्यांदाही टाळलं तर सरळ आणि शांतपणे, “सर, मला हे सुरक्षित वाटत नाही, मी नाईट सुपरवायझरना आणि कन्सल्टंटना कळवतेय.” हे धमकावणं नाही, आणि पाठीमागे तक्रारही नाही. त्यांनाच सांगून पुढे जायचं. मग सुपरवायझर, मग कन्सल्टंट, आयसीयूत कुणी जागं असेल तर तेही. कन्सल्टंटला पहाटे दोनला उठवायचं दडपण मला माहीत आहे, माझेही हात थरथरले आहेत. पण बहुतेक कन्सल्टंट दोनला उठवल्याचा राग सकाळपर्यंत विसरतात. पाचला पेशंट कोसळल्यावर उठवलं तर ते कधीच विसरत नाहीत.

म्हणूनच ‘डॉक्टर इन्फॉर्म्ड’ या दोन शब्दांचा मला इतका राग आहे. आपण ते स्वतःला वाचवायला लिहितो आणि त्याने आपणही वाचत नाही. कोणत्या डॉक्टरांना, किती वाजता, कोणते आकडे सांगितले, ते काय म्हणाले, आपण काय केलं, पुन्हा किती वाजता बघितलं, हे सगळं लिहायचं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अमेरिकेतल्या एका रुग्णालयात वॉर्डात हृदय बंद पडलेल्या ६४ पेशंटांचे कागद तपासले, तेव्हा ८४ टक्क्यांच्या कागदांवर आधीच्या आठ तासांत बिघाडाची किंवा नव्या तक्रारीची नोंद आढळली. म्हणजे कुणीतरी ते बघितलं होतं आणि लिहिलंही होतं. लिहिलेलं पुढे सरकलं नव्हतं.

झापल्याबद्दल: मागच्या महिन्यातल्या त्या झापण्याने त्या रात्रीचा साडेतीनचा फोन थांबवला, हे तुझ्याइतकंच त्या डॉक्टरांनाही कळायला हवं. त्यांना एकट्याला गाठून सांगता आलं तर सांग, “सर, त्या दिवशी तुम्ही बोललात म्हणून मी दुसऱ्यांदा फोन केला नाही.” तरुण डॉक्टरही तीन मजले एकटे सांभाळत असतात आणि यातले अनेक जण हे ऐकून खरंच हलतात. जमणार नसेल तर इन्चार्जकडून पोचव. आणि दोघींकडे चौदा पेशंट, त्यात डेंग्यूचे पाच-सहा, याचा दोष स्वतःच्या गळ्यात घेऊ नको. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या २००२ मधल्या अभ्यासात, नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली होती. हे व्यवस्थापनाने ऐकायचं आहे. तू तुझ्यापुरतं एक करू शकतेस. आठला ओव्हर (ड्यूटीचा ताबा) घेताना इव्हिनिंगच्या सिस्टरला विचार, “या चौदांत तुला कुणाची भीती वाटते?” नाव घेतलं जातंच. त्या दोन-तीन जणांपासून राउंड सुरू कर, बेड एकपासून नको. त्या रात्री ताप उतरलेला पाचव्या दिवसाचा डेंग्यू या यादीत पहिला असता.

इन्चार्ज सिस्टरच्या वाक्याचा मी बराच विचार केला. रोगाचं नाव ठरवणं आणि औषध लिहिणं डॉक्टरांचं, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण हा पेशंट काल होता तसा आज नाही, आणि याला आत्ता कुणीतरी बघायला हवं, हा निर्णय नर्सचाच आहे, कारण तिथे रात्रभर दुसरं कुणी नसतं. आपल्या याच शहरात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभं राहिलं आणि त्यातल्या मुली ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्या काळात नर्सचं काम हलकं मानलं जायचं. घरच्यांचा आणि समाजाचा विरोध सोसून त्या ज्या वॉर्डात उभ्या राहिल्या, तिथे नुसतं सांगितलेलं करायला त्या गेल्या असतील असं मला वाटत नाही.

ओपीडीत बदली आत्ता मागू नको. थकली असशील, आठ दिवस रजा हवी असेल, तर जरूर घे, आणि जवळच्या कुणाशी तरी हे मोकळेपणाने बोल. पण भीतीच्या भरात सोडलेला वॉर्ड पुन्हा धरायला फार जड जातो. पुढच्या सहा महिन्यांनीही असंच वाटलं तर मागशील, त्यात कमीपणा काही नाही.

त्याआधी एक काम कर. दादांच्या त्या रात्रीच्या नोंदी इन्चार्जच्या परवानगीने काढ, नाव झाकून कोऱ्या कागदावर सहा, साडेअकरा आणि पावणेदोनचे आकडे एकाखाली एक मांड, शेजारी पल्स प्रेशर आणि एचसीटीचा रकाना कर. तो कागद घेऊन इन्चार्जकडे जा. कुणाचीही तक्रार करू नको, फक्त दोन गोष्टी माग. डेंग्यूच्या पेशंटच्या चार्टवर पल्स प्रेशरचा रकाना, आणि कितीला कुणाला बोलवायचं हे लिहिलेला एक कागद, नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर, कन्सल्टंटच्या सहीसकट. सही असली की पहाटे दोनला तुला स्वतःच्या धैर्यावर अवलंबून राहावं लागणार नाही. त्या काय म्हणाल्या ते मला कळव. नाही म्हणाल्या तरी कळव, मग मेट्रनना लिहायचं पत्र आपण दोघी मिळून लिहू.

तुझी,
ताई